फायनल फँटसी फोर्टीन : स्क्रीनची मांडणी आणि कंट्रोल यांचे परीक्षण

फायनल फँटसी फोर्टीन या अनेकांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळात, लढाईत माझे पात्र ज्या ज्या वेळी कोसळले, त्या प्रसंगांचा मी नंतर शांतपणे विचार केला, तेव्हा बोटांची चूक क्वचितच निघाली. बहुतेक वेळा चुकली होती ती नजर. बॉस कोणता हल्ला करणार हे सांगणारा कास्ट बार स्क्रीनच्या वरच्या भागात होता, माझे हॉटबार, म्हणजे कौशल्यांच्या बटनांच्या पट्ट्या, खालच्या कडेला होते आणि माझ्या पात्राच्या पायाखाली उमटलेले धोक्याचे केशरी वर्तुळ मधोमध होते. या खेळात मुख्य हल्ल्यांची लय साधारण अडीच सेकंदांची असते आणि त्या दोन हल्ल्यांच्या मधल्या फटीत आणखी एकदोन कौशल्ये बसवावी लागतात. तेवढ्या वेळात नजरेने वर, खाली आणि मध्ये अशा तिन्ही ठिकाणी फेरी मारायची, म्हणजे एक तरी जागा बघायची राहून जाणारच. मूळ मांडणी देखणी आहे, नवख्याला ती पुरतेही. मात्र आठ जणांच्या कठीण लढायांत उतरायचे असेल तर ती बदलल्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

बदलण्याची सोय मात्र या खेळाने मनापासून केली आहे. मुख्य मेनूतून स्क्रीनची मांडणी बदलण्याच्या अवस्थेत गेले की प्रत्येक घटकाभोवती चौकट दिसते, आणि ती उचलून हवी तिथे ठेवता येते, लहानमोठी करता येते किंवा नको असल्यास लपवता येते. यातली सर्वांत मोलाची सोय सहज नजरेत भरत नाही. लक्ष्य केलेल्या शत्रूची माहिती सुरुवातीला एका गठ्ठ्यात दाखवली जाते, पण एक पर्याय निवडला की तिचे तीन स्वतंत्र भाग होतात : शत्रूची प्राणशक्ती, त्याच्यावरचे परिणाम आणि त्याचा कास्ट बार. मी प्राणशक्ती वरच राहू दिली, कारण ती क्षणोक्षणी बघावी लागत नाही. कास्ट बार मात्र १४० टक्के आकाराचा करून माझ्या पात्राच्या डोक्यापासून थोड्या अंतरावर आणला आणि स्वतःवरचे डीबफ, म्हणजे आपल्यावर झालेले अपायकारक परिणाम, त्याच्या शेजारी घेतले. त्यानंतरच्या पहिल्याच लढाईत हल्ल्याचे नाव वाचून वर्तुळाबाहेर पडताना मान किंवा डोळे हलवावे लागले नाहीत, आणि इतके दिवस आपण किती श्रम वाया घालवत होतो याची मला खरीखुरी जाणीव झाली.

हॉटबार दहा आहेत, प्रत्येकात बारा जागा आहेत, आणि त्या एका आडव्या ओळीत, एका उभ्या ओळीत किंवा सहा-दोन, चार-तीन अशा आकारांत लावता येतात. ज्यांच्या माऊसला कडेने बारा बटने असतात, त्यांनी तोच आकार हॉटबारला द्यावा. अंगठ्याला जे जाणवते तेच डोळ्यांना दिसू लागते आणि पाठांतर फार लवकर होते. या खेळात एकच पात्र सगळे जॉब, म्हणजे पात्राच्या वेगवेगळ्या भूमिका, शिकू शकते आणि प्रत्येक जॉबचे हॉटबार वेगळे राहतात, म्हणून कोणता बार सामाईक ठेवायचा हे आधीच ठरवून घ्यावे. वाहन, औषध, घरी परतणे अशा गोष्टी सामाईक बारवर ठेवल्या की नवा जॉब उघडल्यावर त्या पुन्हा ओढून बसवाव्या लागत नाहीत. त्याचबरोबर बचावाचे कौशल्य सगळ्या जॉबमध्ये एकाच बटनावर असावे, हा नियम मी कटाक्षाने पाळते.

कंट्रोलरची व्यवस्था हा या खेळाचा खरा अभिमानाचा भाग आहे. २०१० मध्ये आलेली या खेळाची पहिली आवृत्ती फसली आणि नाओकी योशिदा यांच्या दिग्दर्शनाखाली तो नव्याने बांधून २०१३ मध्ये पुन्हा आणला गेला. तेव्हापासून संगणकावरचे आणि प्लेस्टेशनवरचे खेळाडू एकाच जगात खेळत आले आहेत, त्यामुळे कंट्रोलरला दुय्यम वागणूक देणे परवडणारेच नव्हते. क्रॉस हॉटबार ही त्यातून निघालेली युक्ती आहे. डावा ट्रिगर (कंट्रोलरच्या वरच्या कडेचे बटन) दाबला की दिशांची चार आणि उजवीकडची चार अशा आठ बटनांवर आठ कौशल्ये येतात, उजवा ट्रिगर दाबला की आणखी आठ. म्हणजे एका संचात सोळा, आणि असे आठ संच. ट्रिगर पटकन दोनदा दाबून आणखी एक थर उघडण्याचा पर्यायही आहे, तो चालू करावा असे मी आवर्जून सांगेन. शस्त्र उपसलेले असताना एक संच आणि म्यान केलेले असताना दुसरा, अशी वाटणीही करता येते, त्यामुळे भटकंतीची बटने लढाईत आड येत नाहीत. मी कीबोर्डवरून कंट्रोलरकडे वळले तेव्हा पहिला आठवडा अतिशय जड गेला, पण आता अंगठे काय करत आहेत याकडे माझे लक्षही जात नाही.

चालण्याच्या दोन पद्धतींपैकी लेगसी पद्धत मला उजवी वाटते, कारण मागे जाण्याचे बटन दाबल्यावर तीत पात्र वळून पूर्ण वेगाने धावते, तर स्टँडर्ड पद्धतीत कीबोर्डवर ते उलट्या पावलांनी संथ सरकते.

सहकाऱ्यांच्या कौशल्यांची रोषणाई किती दिसावी याची सेटिंग नवख्यांकडून हमखास राहून जाते. स्वतःचे, पार्टीतल्यांचे (आपल्या गटातल्यांचे) आणि इतरांचे असे परिणाम वेगवेगळे पूर्ण, मर्यादित किंवा अजिबात नाही अशा तीन पायऱ्यांवर ठेवता येतात. चोवीस जणांच्या लढाईत इतरांचे परिणाम बंद केले की जमिनीवरच्या खुणा स्वच्छ दिसू लागतात. पार्टीचे परिणाम मात्र पूर्ण बंद करू नयेत, मर्यादित ठेवावेत. सहकाऱ्यांची प्राणशक्ती भरून काढणाऱ्या हीलरने जमिनीवर काढलेले वर्तुळ दिसलेच नाही तर आपण त्यात उभे तरी कसे राहणार? रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यांसाठी रंगांचा फिल्टरही दिलेला आहे.

मॅक्रोंच्या, म्हणजे एका बटनावर बांधलेल्या आज्ञांच्या यादीच्या, बाबतीत मात्र सावध राहावे. एका मॅक्रोत पंधरा ओळी मावतात, पण मॅक्रोतून दिलेले कौशल्य रांगेत आगाऊ लावता येत नाही, त्यामुळे मुख्य हल्ल्यांसाठी ते वापरले तर प्रत्येक वेळी थोडा थोडा उशीर साचत जातो. पार्टीला सूचना देणे किंवा मांडणी बदलणे एवढ्यापुरते ते उत्तम आहेत.

या सगळ्या कौतुकानंतर दोन उणिवा सांगणे भाग आहे. पहिली अशी की सिस्टिमची सेटिंग एका मेनूत, पात्राची दुसऱ्यात, बटनांची तिसऱ्यात आणि स्क्रीनची चौथ्यात विखुरलेली आहे, आणि नेमके काय कुठे आहे हे नावांवरून उमगत नाही. बाहेरची पूरक साधने वापरायला खेळाच्या नियमांत मनाई असल्याने हे मेनू अधिक सुबोध असणे गरजेचे होते. दुसरी उणीव याहून गंभीर आहे : केलेली मांडणी आपल्या यंत्रावरच साठते. ती सर्व्हरवर चढवून ठेवण्याची सोय आहे, पण ते काम आठवणीने आपणच करायचे असते. त्यामुळे मोठा बदल केला की त्याच दिवशी प्रत ठेवावी.

मांडणीचे चार वेगवेगळे साचे जतन करता येतात. पहिला साचा मी अजिबात न बदलता मूळचाच ठेवला आहे आणि प्रयोग दुसऱ्यावर करते. एका वेळी एकच घटक हलवायचा, सरावाच्या पुतळ्यावर दहा मिनिटे हल्ले करून बघायचे आणि नजर आपोआप नव्या जागी जाऊ लागली की मगच पुढच्या घटकाला हात लावायचा. तिसऱ्या साच्यात हीलरसाठी पार्टीची यादी मोठी करून मध्याजवळ आणली आहे, आणि चौथा जवळजवळ रिकामा आहे; लढाई नसताना नुसते फिरायचे असते, तेव्हा तो लावते.