सरळ दिसणारा घोटा बसलेला असतोच असं नाही

पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांना शेवाळ धरलं की कोकणात घोटे मोडतात. पाऊल मुरगळून बाहेर किंवा मागे सरकलेलं दिसतं, घरचे घाबरतात आणि हाड बसवणाऱ्याकडे नेतात. फसवणूक तिथूनच सुरू होते.

तो पाऊल खेचून सरळ करतो आणि कळ लगेच कमी होते. यात खोटं काही नाही. निखळलेला सांधा जागेवर आला की आराम पडतोच, रुग्णालयातही वेदनाशामक किंवा भूल देऊन आधी तेच करतात. खोटं आहे ते पुढचं वाक्य: "बसला, आता फोटो काढायची गरज नाही." मग बांबूच्या कांब्या, पाल्याचा लेप, आणि दर आठवड्याला पट्टी बदलण्याचे पैसे.

घोट्याची खोबण नडगीचं हाड आणि बाहेरचं बारीक हाड मिळून होते. टॅलस, म्हणजे पावलाचं सगळ्यात वरचं हाड, त्यात बसतो. बाहेरचं, आतलं आणि मागचं अशी तिन्ही टोकं मोडली असतील तर टॅलसला धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. सूज उतरली की कांब्या सैल पडतात, टॅलस आतल्या आत पुन्हा सरकतो, आणि वरून पाऊल सरळच दिसतं. टॅलस 1 मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांधा टेकण्याची जागा सुमारे 42 टक्के घटते, असं रॅम्सी आणि हॅमिल्टन या संशोधकांनी 1976 साली मोजून दाखवलं होतं. पुढे सांधा झिजतो.

सूज चढत असताना घट्ट पट्टी तर त्याहून वाईट. बोटं गार, निळसर, बधिर झाली किंवा नुसती हलवून पाहिली तरी असह्य कळ आली, तर पट्टी त्याच क्षणी कापा आणि रुग्णालय गाठा.

पाय मोडल्यावर दोन्ही बाजूंना उशी बांधा, बोटं उघडी ठेवा, 108 ला फोन करा, खायला देऊ नका. जखम असेल तर स्वच्छ कापडाने झाका. हळद नको, बाहेर आलेलं हाड आत ढकलायचं नाही. रुग्णालयात सांधा बसवल्यानंतर स्लॅबमध्येच, म्हणजे अर्धं प्लास्टर तसंच ठेवून, पुन्हा एक्स-रे काढायला सांगा: समोरून, बाजूने, आणि पाय 15 ते 20 अंश आत वळवून. हा तिसरा फोटो राहून गेला तर खोबण उघडली आहे का हे नीट कळत नाही. ऑपरेशनसाठी सूज उतरेपर्यंत आठवडा-दोन आठवडे थांबवलं तर घाबरू नका, कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत थांबणं योग्यच. उघडी जखम, न बसलेला सांधा किंवा थांबलेला रक्तप्रवाह मात्र थांबू देत नाही.

खर्चाच्या धास्तीने कांब्या बांधून घेऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, आधी भेटा.

तीन आठवडे कांब्यांत गेले असतील तरी या. लाजेने ते लपवलं जातं. पण पाय कधी खेचला, किती वेळा खेचला, लेप कसला लावला, हे डॉक्टरांना कळल्याशिवाय जुळत आलेलं हाड पुन्हा कसं सोडवायचं ते ठरवता येत नाही.