चिकुनगुन्या, सांधेदुखी आणि बिनलेबलाच्या पुड्या

पुड्या सुरू केल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझी मूठ वळली. चार महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी भरलेला तांब्या एका हाताने उचलला आणि तिथेच उभ्याने रडले. ज्याने फसवलं त्याला त्या दिवशी मी मनोमन नमस्कार केला होता, हे आधीच सांगून टाकते.

चिकुनगुन्याचा ताप पाच दिवसांत उतरला होता. सांधे मात्र धरूनच राहिले. मनगटं, बोटांची पेरं, घोटे. उठल्यावर तासभर पाऊल टेकवत नसे. जिना उतरायचा तर कठडा धरून, आडवं होऊन, खेकड्यासारखं. १९५२ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, या रोगाची साथ नोंदली गेली आणि तिथल्या माकोंडे भाषेतल्या ‘वाकवून टाकणारा’ अशा अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. माझी चाल बघून माकोंडे न येणाऱ्यालाही ते नाव सुचलं असतं.

आमच्या डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं होतं. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुटतात, काहींचं दुखणं वर्ष-वर्ष रेंगाळतं, त्यातही चाळिशीपुढच्या बायकांचं जास्त. या विषाणूवर नेमकं औषध नाही. दुखणं कमी करायचं, सांधे हलते ठेवायचे, सूज हटलीच नाही तर संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जायचं. सगळं बरोबर. पण मला हवी होती तारीख, आणि ती त्यांच्याकडे नव्हती.

तारीख दुसऱ्याच माणसाकडे मिळाली. शेजारणीने पत्ता दिला, तिचे गुडघे त्याने ‘बरे केले’ होते. पांढरा कोट, टेबलावर स्टेथोस्कोप, मागे भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र. खुर्चीतून त्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती आणि उठून वाचायचं मला सुचलं नाही. “एकवीस दिवसांत धावाल, ताई,” म्हणाला. आधी रक्त तपासून आणायला लावलं. रिपोर्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह. त्या शब्दावर लाल पेनने गोल करून तो म्हणाला, “हे बघा, विष अजून रक्तात आहे. ते धुऊन काढल्याशिवाय सांधे सुटायचे नाहीत.”

त्या लाल गोलाची मेख मला फार उशिरा कळली. आयजीजी म्हणजे विषाणू नव्हेच. ती आपल्याच शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. विषाणू रक्तातून साधारण आठवडाभरात जातो, ही प्रतिपिंडं मात्र वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे ठणठणीत बऱ्या झालेल्या माणसाचा रिपोर्टही पॉझिटिव्हच येणार. दर कोर्सनंतर तो मला पुन्हा तपासायला लावायचा, पुन्हा तोच लाल गोल काढायचा आणि पुढचा कोर्स द्यायचा. असे तीन झाले. पैसे रोख, पावती नाही. पुड्या साध्या पांढऱ्या कागदाच्या, वर सकाळ-संध्याकाळ एवढंच लिहिलेलं.

दुखणं खरंच गेलं होतं, त्यामुळे बाकीचं दिसूनही दिसलं नाही. भूक खवळली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी. चेहरा गोल झाला, तर लोक म्हणाले, तब्येत सुधारली! कुठे जरा धक्का लागला की कातडीखाली निळा डाग. कधी नव्हे ती साखर वाढली. एकदा मी विचारलंही, “यात स्टिरॉइड नाही ना?” तो हसला. “छे हो ताई, सगळा झाडपाला.”

मग तो आठवडाभर गावाला गेला आणि पुड्या संपल्या. तिसऱ्या दिवशी उलट्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि सांधे आधीपेक्षा दुप्पट ठणकू लागले. मुलाने दवाखान्यात नेलं. रक्तदाब खूप खाली गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या आधी माझा चेहरा बघितला आणि विचारलं, “कसलं औषध चालू आहे?” मी म्हटलं, आयुर्वेदिक. “डबी दाखवा.” डबी कुठली! पर्समध्ये एक चुरगळलेला कागद होता.

सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं, ते जवळजवळ तळाला. चेहरा सांगत होता की अंगात स्टिरॉइड भरपूर आहे, रक्त सांगत होतं की शरीर स्वतःचं बनवतच नाही. दोन्ही एकाच वेळी खरं, म्हणजे स्टिरॉइड बाहेरून येत होतं. बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात, आणि ते एकदम थांबलं की शरीराकडे काहीच उरत नाही. यात जीवही जातो. स्टिरॉइड डॉक्टरही देतात, पण किती, किती दिवस आणि कसं उतरवायचं ते सांगून. आयुर्वेदाच्या नावाने मला बोटं मोडायची नाहीत. त्या पुडीतला गुण आयुर्वेदाचा नव्हताच.

मला पुन्हा स्टिरॉइडच सुरू करावं लागलं, या वेळी नाव लिहिलेलं, आणि ते उतरवण्यात सात महिने गेले. मधे संधिवाताच्या तज्ज्ञांनी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासलं; दोन्ही निगेटिव्ह, म्हणजे आमवाताची शक्यता कमी. आता कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचे व्यायाम करते. उजवं मनगट सकाळी अर्धा तास आखडलेलं असतंच. त्या पुड्यावाल्याला फोन केला होता, तर म्हणाला, “पथ्य मोडलं असणार तुम्ही.”

कुणी अशा पुड्या घेत असेल तर हे वाचून रागाच्या भरात आजच बंद करू नका. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस घेतली ते खरं सांगा, आणि कमी कशी करायची ते त्यांना ठरवू द्या. शेजारणीलाही हेच सांगितलं. तिचा चेहरा भरलाय, हे मला आता दिसतं. आधी चिडली, तिचे गुडघे दुखत नाहीत ना! काल मात्र स्वतःच दार वाजवून विचारलं, त्या डॉक्टरीणबाई कधी भेटतात. हातात रुमालात बांधलेल्या चार पुड्या होत्या.