आफ्रिकेतून आगमन की ठिकठिकाणी उत्क्रांती?

कोकणातल्या कशेळीच्या सड्यावर (कातळी पठारावर) जांभ्यात कोरलेल्या प्रचंड हत्तीच्या कडेने चालताना, तो कोरणारी माणसे मुळात आली कुठून, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. अभ्यासकांमध्ये त्याची दोन उत्तरे होती. एका मतानुसार आधुनिक मानव आफ्रिकेत घडला आणि जगभर पसरताना त्याने जुन्या मानवांची जागा घेतली. दुसऱ्या मतानुसार तो आफ्रिका, युरोप आणि आशियात, आपसांत संकर होत, एकाच काळात घडत गेला. १९८७ मध्ये मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या, म्हणजे फक्त आईकडून मिळणाऱ्या डीएनएच्या, अभ्यासाने पहिल्या मताचे पारडे जड केले.

पुढे २०१० साली जनुकशास्त्रज्ञ स्वांते पाबो यांच्या गटाने निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाचा जनुकसंच वाचला, तेव्हा आफ्रिकेबाहेरील लोकांमध्ये त्याचा थोडासा अंश आढळला. त्याच वर्षी सैबेरियातील डेनिसोव्हा गुहेत मिळालेल्या करंगळीच्या इवल्याशा हाडातून मानवाची एक अनोळखी शाखाच उजेडात आली. म्हणजे जुने मानव निव्वळ नाहीसे झाले नाहीत, ते आपल्यात उरले. तरीही हा वाटा दोनेक टक्क्यांचाच असल्याने मला आफ्रिकेचे मतच, संकराची दुरुस्ती करून, अधिक पटते.

आपल्या किनाऱ्यावर मात्र असा पुरावा मिळण्याची आशा फार कमी आहे, कारण डीएनए थंड, कोरड्या जागी टिकतो आणि इथली उष्णता, धो धो पाऊस व जांभ्याची आम्लधर्मी माती हाडेसुद्धा शिल्लक ठेवत नाही. इथे बोलतात ती दगडी हत्यारे.