केप टाउनचं झाइट्झ मोका: 'अज्ञात'च्या पाटीनंतर

शाळेत चित्रकला शिकवताना घनवादाचा, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून रंगवण्याच्या शैलीचा (क्युबिझम), धडा मी दरवर्षी पिकासोपासून सुरू करायचे. 1907 साली तो पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात गेला, आफ्रिकी मुखवटे पाहून हादरला, मग त्याची चित्रं बदलली. मुखवटे कोणी कोरले हे मी कधी सांगितलं नाही, मुलांनीही विचारलं नाही. पुढे युरोपातल्या एका संग्रहालयात तसेच मुखवटे पाहिले. पाटीवर देणगीदाराचं नाव, आणल्याचं साल आणि कारागिराच्या जागी 'अज्ञात'. तो शब्द मनात खुपत राहिला.

म्हणून 2023 मध्ये केप टाउनला पोचल्यावर टेबल माउंटनच्याही आधी झाइट्झ मोका गाठलं. व्ही अँड ए वॉटरफ्रंट या बंदराच्या भागात, धान्याच्या जुन्या कोठारात 2017 साली सुरू झालेलं हे समकालीन आफ्रिकी कलेचं संग्रहालय. काँक्रीटच्या 42 उभ्या नळ्यांचं हे कोठार. त्याच्या मधोमध मक्याच्या दाण्याच्या आकाराची उंच पोकळी कोरून काढली आहे. आत शिरल्यावर कितीतरी वेळ मान वर करून उभी होते. वास्तुकार ब्रिटिश आणि मूळ संग्रह एका जर्मन उद्योजकाचा, हे आधी वाचलं होतं, त्यामुळे मनात शंका होतीच. ती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पण मी पाहिलेलं प्रदर्शन ज्यांनी उभं केलं त्या दोघी आफ्रिकी होत्या: कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या कोयो कुओ आणि झिम्बाब्वेच्या तंदाझानी ध्लाकामा.

प्रदर्शनाचं नाव 'व्हेन वी सी अस'. कृष्णवर्णीय चित्रकारांनी शंभर वर्षांत रंगवलेली आपली माणसं. 150 हून जास्त चित्रकार, सुमारे 200 चित्रं. मांडणी देशांनुसार नाही. रोजचं जगणं, आनंद, विसावा, शृंगार, अध्यात्म, मुक्ती असे सहा विभाग. सोबत निओ मुयांगा यांचं संगीत.

माझे पाय अडले ते झांदिले चबालाला या तरुण दक्षिण आफ्रिकी चित्रकर्तीच्या चित्रापाशी. दोन कृष्णवर्णीय स्त्रिया निवांत रेललेल्या, बस्स. फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्या 1863 च्या 'ऑलिम्पिया' या चित्रात गोरी स्त्री पहुडलेली आहे आणि कृष्णवर्णीय दासी फुलं घेऊन मागे उभी. ते चित्र मी किती वर्षं वर्गात दाखवलं! इथे मागे कोणीच उभं नाही. खूप वेळ तिथून हलवेना.

ते प्रदर्शन पुढे 2024 मध्ये बासेलला, मग ब्रसेल्सला गेलं. मे 2025 मध्ये कोयो कुओ यांच्या निधनाची बातमी वाचली आणि तिथून आणलेला कॅटलॉग पुन्हा उघडून बसले.

जाणार असाल तर आख्खा दिवस राखून ठेवा, दार उघडताच आत शिरा आणि पाट्या वाचा. प्रत्येक नाव थांबून वाचा. उच्चार अडला तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. मला त्यांनी चबालाला हे नाव तीनदा म्हणून दाखवलं.