ऑफिससाठी डेस्कटॉप की लॅपटॉप?

नुसतं वीजबिल बघायचं तर लॅपटॉप सरळ जिंकतो. मॉनिटरसकट डेस्कटॉप साधारण 100 वॅट खातो, लॅपटॉप 30 च्या आसपास. रोज 8 तास आणि वर्षाला 250 दिवस धरले, तर 200 युनिट विरुद्ध 60. शिवाय लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे टेबलाखाली दिवसभर तापत बसणारा यूपीएसही नको.

पण धुराड्याचा हिशोब वेगळा आहे. आपली वीज अजून बहुतांशी कोळशाची, युनिटमागे अंदाजे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. 140 युनिट वाचले की वर्षाला शंभरेक किलो वाचतात. नवा लॅपटॉप बनतानाच मात्र 200 ते 300 किलो हवेत जातात! म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं फक्त ती उधारी फिटते.

म्हणून माझं स्पष्ट मत: नवी खरेदी करायचीच असेल तर लॅपटॉप घ्या. चालता डेस्कटॉप मात्र भंगारात काढू नका. तो हळू वाटत असेल तर एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) बसवा, रॅम वाढवा, दहा मिनिटांत स्लीपवर जाईल असं सेटिंग करा. जेवायच्या सुट्टीत रिकाम्या खुर्च्यांसमोर उजळलेले स्क्रीन बघवत नाहीत. आणि स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, मॉनिटर बंदच करा.