शंभर मण्यांची गणितमाळ: सहा महिन्यांच्या वापरानंतर

पहिलीत शिकणाऱ्या माझ्या नातीला शंभरपर्यंत आकडे तोंडपाठ होते. मात्र सत्तेचाळीस लिहायला सांगितले की ती हमखास ७४ लिहीत असे. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारतात, त्यामुळे ‘सत्ते’ ऐकताच हात सात लिहून मोकळा होतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा आम्हीही त्याची चेष्टाच केली होती.

साडेतीनशे रुपयांच्या या माळेत दहा लाल, दहा पांढरे अशा क्रमाने मणी ओवलेले आहेत. सोबत आकड्यांची कार्डे आणि चिमटे येतात. माळ भिंतीवर, मुलाच्या छातीइतक्या उंचीवर ताणून बांधावी. अडतीसचा चिमटा अडतिसाव्या मण्यावर नव्हे, तर त्याच्या लगेच पुढच्या फटीत लावायचा, म्हणजे अलीकडे नेमके अडतीस मणी राहतात आणि पहिल्या मण्याआधी शून्यालाही जागा मिळते. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

पहिले दोन आठवडे ती प्रत्येक वेळी पहिल्या मण्यापासून मोजत असे. मग एके दिवशी अडतीस दाखवताना ती थेट चौथ्या दशकाच्या टोकाशी गेली आणि दोन मणी मागे आली. ‘आजी, चाळीसला दोनच कमी!’ त्यानंतर एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ या शब्दांतले ‘एक उणे’ तिला मण्यांवर दिसू लागले. नव्व्याण्णव तेवढे हा नियम पाळत नाही, हेही तिनेच हेरले. पाठांतराने हे साधले असते असे मला वाटत नाही.

माळेची घडण मात्र सुमार आहे. लाल मण्यांचा रंग घामेजल्या बोटांना लागतो, दोरी महिन्याभरात सैल पडते. त्याहून गंभीर म्हणजे आमच्या माळेच्या सातव्या दशकात अकरा मणी निघाले. सत्तरचा चिमटा रंग बदलतो तिथे बसेना, म्हणून नात रडकुंडीला आली होती. विक्रेत्याने माळ बदलून न देता ‘एक मणी काढून टाका’ एवढेच कळवले, त्यासाठी शेवटचे तीस मणी उतरवून पुन्हा ओवावे लागले.

तरीही माळ घ्यावी असेच मी सांगेन. फक्त भिंतीवर लावण्यापूर्वी मणी मोजून घ्यावेत, आणि ते काम मुलाकडेच सोपवावे.