फेअरली की रादर? सांगलीच्या भडंगावरून

शब्दकोशात फेअरली (fairly) आणि रादर (rather) या दोन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ ‘बऱ्यापैकी’ असा सापडेल, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सांगलीचं भडंग खाऊन पाहुणा ‘फेअरली स्पायसी’ म्हणाला, तर पुढची वाटी भरायला हरकत नाही. तिखट आहे, पण हवं तेवढं. तोच ‘रादर स्पायसी’ म्हणाला, तर आधी पाण्याचा तांब्या पुढे करा. आपल्या ‘जरा जास्तच’मधला तो ‘च’ रादरमध्ये दडलेला असतो.

म्हणजे फेअरली बहुधा सोयीच्या गुणाला लागतं, रादर नावडत्याला. ‘वॉर्म’सारख्या तटस्थ शब्दापुढे तर बोलणाऱ्याची पसंती केवळ त्याने कोणता शब्द निवडला यावरून कळते. मात्र ‘रादर गुड’ ही तक्रार नव्हे. ते चक्क कौतुक, तेही फेअरली गुडपेक्षा वरचं, ‘वाटलं नव्हतं, पण छान निघालं’ असं. (आपल्याकडे ‘बरंय’ म्हणून ताट चाटूनपुसून साफ करणारे आहेतच.)

व्याकरणात रादर जास्त मोकळं. ‘रादर बेटर’, ‘रादर टू हॉट’ चालतं; तिथे फेअरली बसत नाही. ‘अ’ (a) हे उपपद असेल तर ‘अ रादर’ आणि ‘रादर अ’ दोन्ही बरोबर, पण ‘फेअरली अ’ नाही.

अमेरिकन बोलण्यात हे रादर कमी ऐकू येतं, तिथे याच अर्थाच्या ‘प्रिटी’ची चलती. पुण्या-बंगळुरूच्या कंपनीत मुलाखत असेल तर मी फेअरलीच सुचवेन. ‘माय इंग्लिश इज फेअरली गुड’ यात नम्रता आहे. रादर म्हणालात तर स्वतःचीच पाठ थोपटल्यासारखं वाटतं.